थरथरणाऱ्या इंजिनाचा तपास

जुनी मोटार विकत घेणाऱ्या गृहस्थाच्या मनात पहिल्या आठवड्यातच जो प्रश्न उभा राहतो तो रंगाचा, आसनांचा किंवा दस्तऐवजांचा नसतो. तो असतो एका थरथरीचा. गाडी रस्त्याने वेगात चालली असेतोवर सारे यथास्थित वाटते. परंतु सिग्नलपाशी थांबून ॲक्सिलरेटरवरचा पाय निघाला की बॉनेट हिवताप भरल्यासारखे कापू लागते, गिअरचा दांडा हाताला झिणझिण्या आणतो, आरशातली मागची गाडी धूसर होते आणि सायलेन्सरच्या नळीतून येणाऱ्या संथ आवाजातला एखादा ठोका मधूनच गळून पडतो. गॅरेजच्या बोलीत याला ‘गाडी मिसिंग मारते’ असे म्हणतात, आणि हे शब्द उच्चारले जाताच प्लग, कॉइल, कार्बोरेटर यांच्या खरेदीचा जो सिलसिला सुरू होतो, त्यात मालकाचे द्रव्य तर जातेच, पण मूळ दोष कोणता हा प्रश्न पुष्कळदा विचारलाही जात नाही. तो प्रश्न कसा विचारावा आणि त्याचे उत्तर इंजिनाकडूनच कसे मिळवावे, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

उदाहरणादाखल मी फियाट अकराशे आणि तिचेच पुढचे रूप असलेली प्रीमियर पद्मिनी ही गाडी घेतली आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी काही दशके तयार होत होती. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे जे चित्र आपल्या मनात कायमचे उमटले आहे ते तिचेच, आणि त्या टॅक्सींपैकी अखेरची २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सेवेतून बाहेर पडली. खाजगी मालकीच्या कित्येक पद्मिनी मात्र अद्याप पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात, गोव्यात नांदत आहेत आणि दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून घेत आहेत. शिकणाऱ्याला हे इंजिन अत्यंत सोयीचे आहे. क्षमता १०८९ घन सेंटिमीटर, चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, त्यावर ॲल्युमिनियमचे हेड, एक कार्बोरेटर आणि एक डिस्ट्रिब्युटर. मध्ये कोणताही संगणक नाही, आणि बॉनेट उचलले की प्रत्येक अवयव डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर उभा.

थरथर गाडी थांबल्यावरच का जाणवते याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. ‘स्लो’वर, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते, चार आघातांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे एका सिलिंडरचे मिनिटाला ४०० आणि चारही सिलिंडरांचे मिळून १६०० स्फोट होतात, सेकंदाला सुमारे २७. हे स्फोट १-३-४-२ अशा ठरीव क्रमाने आणि समान अंतराने होतात. त्यांतील एक सिलिंडर रजेवर गेला तर प्रत्येक चौथ्या स्फोटाची जागा रिकामी राहते, आणि मंद गतीत ती पोकळी भरून काढण्याइतका आवेग फ्लायव्हीलमध्ये नसल्यामुळे सारे इंजिन आपल्या रबरी आधारांवर हेलकावते. वेग वाढला की फ्लायव्हीलचा आवेग ते न्यून झाकून टाकतो. म्हणूनच वेगात गाडी ‘मस्त पळते’ या मालकाच्या साक्षीवर फार भिस्त ठेवू नये.

स्फोट व्हावयाचा तर तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: सिलिंडरात पुरेसा दाब, योग्य क्षणी सशक्त ठिणगी आणि हवा व पेट्रोल यांचे योग्य प्रमाणातले मिश्रण. बहुतेक गॅरेजांत तपास या तिसऱ्या गोष्टीपासून सुरू होतो, कारण कार्बोरेटरचा स्क्रू बाहेर आहे आणि पेचकस खिशात आहे. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा असावा. आधी दाब, मग ठिणगी, आणि सर्वांत शेवटी मिश्रण; कारण ज्या सिलिंडरात दाबच टिकत नाही त्याला जगातील सर्वोत्तम कार्बोरेटर लावला तरी तो चालणार नाही, आणि जेथे ठिणगीच अनियमित आहे तेथे मिश्रणाची जुळवणी म्हणजे हलत्या तराजूत धान्य तोलणे होय.

माझ्या एका स्नेह्यांनी काही वर्षांपूर्वी एक पद्मिनी घेतली. हाताचा गिअर, मूळ रंग, नीट जपलेली आसने. व्यवहार करताना गाडी सुरू करून दाखविली गेली तेव्हा इंजिन आधीच गरम होते आणि स्लो अंमळ चढा होता, याकडे त्या वेळी कोणाचे लक्ष गेले नाही. महिन्याभरात थरथर असह्य झाली. एका गॅरेजने चारही प्लग बदलले, मग कॉइल बदलली, शेवटी नवा कार्बोरेटर बसविला. तिन्ही वेळा दोन दिवस बरे वाटले आणि तिसऱ्या दिवशी पूर्वपदावर आले. हे दोन दिवसांचे बरे वाटणे फसवे असते, कारण प्रत्येक दुरुस्तीच्या शेवटी मिस्त्री स्लो थोडा चढवून देतो आणि चढ्या स्लोमध्ये थरथर दडून बसते. गाडी माझ्या दारी आली तेव्हा आम्ही पहिले काम केले ते स्लो उतरविण्याचे, म्हणजे दोष लपून राहणार नाही.

त्यानंतर जी परीक्षा घेतली ती प्रत्येक मालकाने एकदा तरी पाहावी अशी आहे. इंजिन स्लोवर चालू ठेवून चार प्लगांच्या वायरी एकामागून एक काढावयाच्या आणि परत लावावयाच्या. ज्या सिलिंडरची वायर काढताच इंजिन अधिक लंगडू लागते, तो सिलिंडर आपला वाटा उचलीत होता; ज्याची वायर काढल्याने काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच कामचुकार. वायर काढताना चिमटा उत्तम रबरी आवरणाचा असावा, कारण तेथे हजारो व्होल्टचा दाब असतो, आणि काढलेली वायर इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवावी, म्हणजे कॉइलवर ताण येत नाही. पंख्याजवळ सैल बाही नको, आणि बंद गॅरेजमध्ये हा प्रयोग कदापि नको, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावाचून प्राण घेतो. इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांवर ही रीत चालवू नये. तेथे इलेक्ट्रॉनिक भाग आणि सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांची हानी होते.

या परीक्षेने तपासाला दोन फाटे फुटतात, आणि पुढचे सारे काम आपण कोणत्या फाट्याने गेलो यावर अवलंबून असते. चारही सिलिंडरांचे उत्तर सारखेच आले तर दोष त्यांच्या सामायिक मालमत्तेत आहे: कार्बोरेटर, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर किंवा टायमिंग. एकच सिलिंडर मुका राहिला तर सामायिक वस्तू बहुधा निर्दोष समजाव्यात, आणि त्या एका सिलिंडरच्या मालकीचा प्लग, वायर, झडपा व रिंगा यांच्याकडे वळावे. स्नेह्यांच्या गाडीत पहिला, तिसरा व चौथा सिलिंडर व्यवस्थित बोलले. दुसऱ्याची वायर काढली काय नि लावली काय, इंजिनाला त्याची वार्ताही नव्हती. अर्थात एक सिलिंडर मुका असताना कॉइल आणि कार्बोरेटर बदलण्याचे प्रयोजनच नव्हते, कारण त्याच कॉइलवर आणि त्याच कार्बोरेटरवर उरलेले तीन उत्तम चालले होते.

मग प्लग बाहेर काढून ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडले. प्लगाचे टोक म्हणजे त्या सिलिंडरच्या दफ्तरातील ताजी नोंदवही होय. फिकट तपकिरी रंग असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी दुबळी. ओला, तेलकट काळा थर असेल तर झिजलेल्या रिंगांतून वा झडपांच्या गाइडमधून तेल वर येत आहे. आणि टोक पांढरेफटक असेल तर मिश्रण विरळ अथवा उष्णता बेसुमार. आमचा दुसरा प्लग पेट्रोलने ओला होता. तो आणि तिसरा यांची अदलाबदल केली. दोष प्लगाबरोबर तिसऱ्याकडे गेला नाही, दुसऱ्यापाशीच राहिला. वायरींचीही तशीच अदलाबदल केली, परिणाम तोच. एका वेळी एकच वस्तू बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा पाहावे, हा नियम येथे काटेकोरपणे पाळला पाहिजे. दोन वस्तू एकदम बदलल्या तर दोष गेला तरी तो कोणामुळे गेला हे कधीच कळत नाही.

आता दाबमापनाची पाळी. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, कॉइलची वायर सोडलेली, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि बॅटरी भरलेली, अशा स्थितीत प्लगाच्या भोकात कॉम्प्रेशन गेज धरून सेल्फ मारावयाचा. अशा जुन्या, पण धडधाकट इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा आकडा शंभराहून बऱ्यापैकी वर, १२०-१३० पौंडांच्या आसपास असावा. परंतु आकड्यापेक्षा चौघांतील समानता अधिक महत्त्वाची. आम्हाला मिळालेले आकडे क्रमाने असे होते: १२५, ४०, १२०, १२५. दुसऱ्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजले. रिंगा झिजलेल्या असत्या तर तेलाने फट तात्पुरती बुजून आकडा चढला असता. तो जागचा हलला नाही. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे एकदम पडले असते तर दोघांमधले हेड गॅस्केट जळाल्याचा संशय आला असता, आणि तेव्हा रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का, तेल दुधाळ झाले आहे का, हे पाहावे लागले असते. पाणी आटून तापलेल्या पद्मिनीत हा दोष विशेष आढळतो, कारण ॲल्युमिनियमचे हेड अतिउष्णतेने वाकते. आमच्याकडे तसे चिन्ह नव्हते. राहिली झडप. आत येणाऱ्या मिश्रणाची की बाहेर जाणाऱ्या धुराची, याचा निर्णय सायलेन्सरने दिला: प्लग परत लावून इंजिन चालू केले आणि नळीच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरला, तेव्हा बाहेर ढकलला जाणारा तो कपटा एका ठरीव अंतराने क्षणभर आत ओढला जात होता. एक्झॉस्ट झडप बंद होत नाही, याचा याहून स्वस्त पुरावा नाही.

झडप का जळली, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. एक्झॉस्ट झडपेवरून तप्त वायू धावत असतात आणि ती थंड होण्याचा मुख्य मार्ग एकच: बंद असताना तिचे तोंड सीटवर घट्ट टेकते आणि उष्णता सीटमधून हेडमध्ये व तेथून पाण्यात जाते. झडप पूर्ण बंद व्हावी म्हणून तिच्या आणि तिला ढकलणाऱ्या रॉकरच्या दरम्यान केसभर फट, मिलिमीटरच्या एकदोन दशांशांइतकी, हेतुपुरस्सर राखलेली असते. तिचाच तो ‘टॅपेटचा आवाज’, बारीक, कोरडा, शिवणयंत्रासारखा. पूर्वीच्या कोणा मालकाला तो आवाज खटकला असावा आणि कोणा मिस्त्रीने फिलर गेज न घालता स्क्रू आवळून तो बंद करून दिला असावा, कारण दुसऱ्या एक्झॉस्ट झडपेची फट मोजावयास गेलो तर फट म्हणून उरलीच नव्हती. गरम झाल्यावर झडपेची दांडी लांबते. फट नसेल तर झडप सीटवरून किंचित उचललेली राहते, उष्णतेला वाट मिळत नाही आणि तिची कड पानासारखी करपत जाते. मोटारवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे की टॅपेटच्या मंद आवाजाला घाबरू नये. निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेली फट ठेवल्यावर जो आवाज येतो तो निरोगी इंजिनाचा आवाज आहे. भय वाटावे ते पूर्ण शांततेचे.

सगळ्याच गाड्यांत झडप जळालेली नसते; वस्तुतः चारही सिलिंडर सारखेच अनियमित असतील तेव्हा दोष बहुतकरून ठिणगीच्या खात्यात निघतो, आणि पुष्कळदा ज्याला कार्बोरेटरचा दोष म्हणून महिनोन्महिने चाचपले जाते तो डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली सापडतो. तेथील पॉइंट स्लोवरसुद्धा मिनिटाला १६०० वेळा उघडतात आणि मिटतात. त्यांच्यातली फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असावी. पॉइंटचे फायबर झिजले की फट कमी होते, आणि फट बदलली की ठिणगीची वेळही सरकते, सबब आधी पॉइंट आणि मगच टायमिंग, हा क्रम मोडू नये. पॉइंटची तोंडे वारंवार काळीनिळी पडत असतील आणि ठिणगी निळी न दिसता पिवळसर, मलूल दिसत असेल तर कंडेन्सरला दोष द्यावा. डिस्ट्रिब्युटरचा दांडा बोटाने आडवा हलवून पाहावा. तो हलत असेल तर बुश झिजले आहेत, चारही सिलिंडरांसाठी फट वेगवेगळी उघडत आहे आणि नव्या पॉइंटने काहीही साधणार नाही. गाडी थंड असताना सुरेख चालून वीसपंचवीस मिनिटांनी झटके देत बंद पडत असेल, आणि अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही अशी सुरू होत असेल, तर कॉइल किंवा कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देत आहे असे समजून प्रथम त्यांची झडती घ्यावी.

आपल्या किनारपट्टीवर आणखी एक कारण ऋतुमानाने येते. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभ्या राहणाऱ्या जुन्या गाड्या पेट्रोलवाचून अडलेल्या नसतात. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमट, खारी हवा शिरून वीज भलत्याच वाटेने निघून गेलेली असते. अशी गाडी रात्री, पूर्ण अंधारात, दिवे मालवून सुरू करावी आणि बॉनेट उघडून वायरींकडे पाहावे. आवरणाला तडा असेल तेथे निळसर ठिणग्या सरपटताना दिसतात. टोपीच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ आढळली तर ती पुसून उपयोग नाही, टोपीच बदलावी.

आता कार्बोरेटर. वजनाने सुमारे १५ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे ज्वलनाचे प्रमाण. म्हणजे लिटरभर पेट्रोल जाळावयास साधारण ९,००० लिटर हवा लागते. एवढ्या हवेच्या हिशेबात चोरवाटेने थोडी जास्त हवा शिरली तरी स्लोवरचे नाजूक प्रमाण बिघडते. कार्बोरेटरच्या बुडाचे गॅस्केट, वाकलेला फ्लँज, ब्रेकला बूस्टर असल्यास त्याकडे जाणारी तडकलेली नळी, या तिच्या नेहमीच्या जागा. मिस्त्री म्हणतात, ‘इंजिन हवा घेते आहे’. ओळखण्याची रीत सोपी: स्लोवर असताना चोक किंचित ओढावा. थरथर कमी झाली तर मिश्रण विरळ होते असे सिद्ध झाले. जागा शोधण्यासाठी सांध्यांवर साबणाचे पाणी सोडावे. फेस आत ओढला जाऊन लय बदलली की जागा सापडली. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनावर, ठिणग्यांच्या शेजारी, ही गोष्ट कोणीही कोणत्याही सबबीवर करू नये.

हवेची गळती नसेल तर स्लो जेट पाहावा. त्याचे भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, आणि महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीतला गंजाचा एक कण ते बुजविण्यास पुरेसा होतो. तार घालून ते साफ करू नये, भोक मोठे होते. पंपाच्या हवेने फुंकावे आणि पेट्रोलचा फिल्टर नवा घालावा. अलीकडे एका गोष्टीची भर पडली आहे: आपल्याकडील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटांना तेच मिश्रण अधिक विरळ पडते, शिवाय ते पाणी शोषते आणि पंपाचा पडदा व जुन्या रबरी नळ्या यांना फुगवते किंवा भेगाळते. पद्मिनी अशा पेट्रोलसाठी घडविलेली नव्हती. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालणे आणि गाडी दीर्घकाळ भरल्या टाकीने उभी न ठेवणे, एवढे तरी करावे.

एक साक्षीदार बहुतेकांच्या गाडीतच पडलेला असतो आणि त्याला कोणी बोलावीत नाही. तो म्हणजे पीयूसीचा दाखला. जुन्या पेट्रोल मोटारींसाठी स्लोवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम अशी मर्यादा आहे. पण पास की नापास एवढेच पाहून तो कागद घडी घालून ठेवू नये. पहिला आकडा चढा असेल तर पेट्रोल जास्त जळते आहे, दोष मिश्रणाचा. पहिला बेताचा आणि दुसरा मात्र भडकलेला असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे, म्हणजे कोठेतरी एक सिलिंडर पेटत नाही. स्नेह्यांच्या गाडीचा विक्रीपूर्वीचा दाखला नंतर हाती आला तेव्हा त्यात नेमके हेच लिहिलेले होते.

म्हणून जुनी गाडी पाहावयास जाताना विक्रेत्याला आदल्या दिवशी एवढीच विनंती करावी की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गेल्यावर हात बॉनेटवर ठेवून ते थंड असल्याची खात्री करावी, गाडी आपल्या हाताने सुरू करावी, गरम होऊ द्यावी, आणि मग स्लो आपल्या समक्ष उतरवून घेऊन पाच मिनिटे नुसते ऐकावे. जमल्यास ओळखीच्या मिस्त्रीला कॉम्प्रेशन गेज घेऊन सोबत न्यावे. प्रामाणिक विक्रेता याला हरकत घेत नाही. जो घेतो त्याच्याशी व्यवहार करू नये.

आमच्या त्या पद्मिनीचे हेड उतरवून दुसरी एक्झॉस्ट झडप नवी घातली, सीट घासून घेतली, आठही टॅपेट फिलर गेजने लावले आणि हेड गॅस्केट बदलले. दुसऱ्या सिलिंडरचा आकडा १२० वर आला. या साऱ्या कामाचे बिल आधी विनाकारण बसविलेल्या कार्बोरेटरच्या किमतीहून कमी झाले.